आधी काय घेऊ, बॉस?

घरी चांगली म्युझिक सिस्टीम जमवायची तर सुरुवात कशापासून करायची? लॅमिंग्टन रोडवर या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक दुकानात मिळतं. फक्त प्रत्येक दुकानात वेगळं!

ग्रँट रोड स्टेशनच्या ईस्टला उतरलात की पत्ता विचारायची गरजच नाही. हातात कीबोर्डचं खोकं, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेतलेली माणसं ज्या दिशेकडून येतायत, त्या दिशेला चालायला लागायचं. पाच मिनिटांत लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते चालतं फक्त पोलीस स्टेशनपुरतं. ‘डी. बी. मार्ग’ म्हटलं की पोलीस आणि ‘लॅमिंग्टन’ म्हटलं की इलेक्ट्रॉनिक्स, अशी वाटणी मुंबईकरांनी आपसांत कधीच करून टाकलीय. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. आपल्या नावाने पुढे शंभर वर्षं रिमोट आणि अडॅप्टर विकले जाणार आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर?

या रस्त्याचं आणि आवाजाचं नातं तसं जुनं आहे. इथल्याच मिनर्व्हा थिएटरला १९७५ मध्ये ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं उतरलाच नाही. सत्तर एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. ते नाणं खणखणत पडतं तेव्हा ते आपल्याच खुर्चीखाली गेलं असं वाटून लोक खाली वाकून बघायचे, हे माझे बाबा आजही सांगतात. (प्रत्येकाचे बाबा सांगतात. मला तर शंका आहे की त्या पाच वर्षांत कुणी सरळ बसून पिक्चर बघितलाच नाही.) मिनर्व्हा आता नाही. पण चांगला आवाज म्हणजे काय, हे एका अख्ख्या पिढीला इथे पहिल्यांदा कळलं, एवढं खरं.

तर मी इथे का? कारण माझ्याकडे सत्तर हजार रुपये आहेत, डोंबिवलीच्या घरात दहा बाय बाराचा हॉल आहे आणि त्या हॉलमधल्या कपाटात बाबांच्या चौसष्ट एलपी आहेत. नाट्यसंगीत, कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, थोडी सिनेमाची गाणी. एचएमव्हीच्या ज्या सूटकेससारख्या फिएस्टा प्लेअरवर त्या वाजायच्या, तो मी शाळेत असतानाच बंद पडला. तेव्हापासून तबकड्या नुसत्या उभ्या आहेत. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि टीव्हीचा आवाज दरवर्षी दोन काड्या वर चाललाय. म्हणजे हे काम ‘बघू कधीतरी’ या खात्यात टाकण्यासारखं राहिलेलं नाही.

सत्तर हजार फ्रीलान्सरला डोंगराएवढे वाटतात. हाय-फायच्या दुकानात पाऊल टाकलं की त्यांची टेकडी होते. टर्नटेबल, अॅम्प्लिफायर, स्पीकर्स असं सगळं एका दमात चांगलं येत नाही. एक गोष्ट मनासारखी घ्यायची आणि बाकीच्या तिच्या कलाने, हळूहळू. ती एक गोष्ट कुठली, एवढंच ठरवायचं होतं.

पहिल्या दुकानात मला सांगण्यात आलं, ‘मॅडम, पहले अॅम्प लो. इंजिन है वो.’ त्यांच्या मागच्या फळीवर अॅम्प्लिफायरच अॅम्प्लिफायर होते. चार दुकानं पुढे स्पीकरवाले. ते म्हणाले, ‘आवाज तो स्पीकर से आता है ना?’ मुद्दा बिनतोड होता. तिसऱ्या दुकानदारांनी आधी ‘साहेब नाही आले?’ असं विचारलं. ‘साहेब डोंबिवलीला कांद्याची भजी तळतायत, सिस्टीम मला घ्यायचीय’ म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली, कटिंग मागवला आणि वायरचं महत्त्व समजावून सांगितलं. ते वायर विकत होते. 

चेष्टा बाजूला ठेवू. हा वाद लॅमिंग्टन रोडने जन्माला घातलेला नाही. पूर्वी जगभर सगळे हेच म्हणायचे की बहुतेक पैसा स्पीकरवर घाला, बाकी सगळं सारखंच. मग १९७३ साली सुरू झालेल्या स्कॉटलंडच्या लिन कंपनीने हे उलटं केलं. त्यांचं म्हणणं, पैसा पहिल्यांदा टर्नटेबलवर घाला. तबकडीच्या खाचेतून सुईने जे उचललंच नाही, ते पुढचा कितीही महागडा अॅम्प्लिफायर किंवा स्पीकर परत आणू शकत नाही. स्वयंपाकाच्या भाषेत, भाजीच शिळी असेल तर फोडणी कितीही द्या! लिन स्वतः एलपी ट्वेल्व्ह नावाचं टर्नटेबल विकत होती हे खरं, पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. टर्नटेबल हे यंत्र आहे. मोटरची घरघर, प्लॅटरची थरथर, टोनआर्मची खडखड, सगळं सुईपर्यंत पोचतं आणि तिथून शेकडो पटींनी मोठं होतं.

पुढे १९८२ मध्ये सीडी आली आणि या युक्तिवादाचा पाया हलला. सीडीत घरघर नाही, थरथर नाही. आज तर फोन आणि त्याला जोडलेला एक साधा डीएसी, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी, इतकं स्वच्छ काम करतात की दोन ठीकठाक डिजिटल सोर्समधला फरक डोळे बांधून ओळखणं महाकठीण. दोन स्पीकरमधला फरक मात्र शेजारच्या खोलीतूनही कळतो.

अॅम्प्लिफायरचं काय? इथे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक जुनं भूत बसलंय, पीएमपीओ! नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आणि नंतरचे कम्प्युटर स्पीकर्स आठवा. खोक्यावर २००० वॉट, आणि आत हातात मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर. तो आकडा निव्वळ सजावटीचा असायचा. खरा हिशोब वेगळा आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी म्हणून एक आकडा असतो, समजा ८६ डेसिबल. याचा साधारण अर्थ असा की एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळेल. माणसांचं नेहमीचं बोलणं साठच्या आसपास. म्हणजे एका वॉटमध्येच पुष्कळ मोठं काम होतं. त्याच्यावर फक्त तीन डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात, दहा डेसिबल वाढवायचे तर दहापट. पन्नासचा अॅम्प सोडून शंभरचा घेतलात तर मिळाले किती? तीन डेसिबल. त्यात सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नियम नसता तरी आमच्या भिंतीपलीकडे देशपांडे काकू आहेत. चाळीस-पन्नास प्रामाणिक वॉट, विषय संपला.

आता उरतात टर्नटेबल आणि स्पीकर. आणि टर्नटेबलचा मोह काय असतो ते बघायचं तर लॅमिंग्टन रोड सोडून मौलाना शौकत अली रोडने पूर्वेला चालत जायचं. दो टाकीच्या पुढे मटन स्ट्रीट, म्हणजे आपला चोर बाजार.

इथे चालताना मान एका दिशेला राहत नाही. जहाजातले दिवे, सिनेमाची पोस्टर्स, हात तुटलेल्या युरोपियन बाया, आणि कर्ण्याचे ग्रामोफोन. यातले पितळी, चकचकीत कर्णेवाले बरेचसे अलीकडेच बनवलेले असतात, हॉटेलच्या लॉबीत ठेवायला झकास, ऐकायला नाही. त्यांच्या मागे, धुळीत, खरा माल. मला तिथे एक जपानी टर्नटेबल दिसलं. लाकडी प्लिंथ, जड प्लॅटर, नऊ हजार सांगितले, साडेसहावर आले. दुकानदार चाचांनी एक एलपी लावली. आवाज आला आणि छानच आला, फक्त गाणाऱ्या बाई फार थकलेल्या वाटत होत्या. मागच्या बाजूची पट्टी वाचली तर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेलं मशिन!

हे जरा नीट समजून घ्या, कारण इथे भले भले फसतात. व्होल्टचा प्रश्न स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने सुटतो, चाचांनी तो लावलाही होता. पण जुन्या अनेक टर्नटेबलची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते. अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. म्हणजे मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे मारणारं मशिन आपल्याकडे अठ्ठावीससुद्धा पुरे करत नाही. गाणं सहाव्या हिश्श्याने मंदावतं आणि सूर सुमारे तीन पट्ट्या खाली येतो. पांढरी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी दोनमध्ये! पुली बदलून किंवा वेगळा पॉवर सप्लाय लावून हे सुधारता येतं, पण त्या मशिनची पुली शोधायला पुन्हा आयुष्य घालवा. जुनं ब्रिटिश गॅरार्ड मिळालं तर निदान ही भानगड कमी, तिकडची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्ह मशिनना मेन्सच्या हर्ट्झशी देणंघेणं नसतं, पण त्यांचे भाव विचारायला वेगळं धैर्य लागतं.

शिवाय टर्नटेबल एकटं येत नाही. त्याच्या कार्ट्रिजमधून येतात जेमतेम तीन-पाच मिलिव्होल्ट. ते थेट ऑक्समध्ये घातले तर गाणं शेजारच्या इमारतीत वाजतंय असं ऐकू येतं. त्यासाठी मध्ये फोनो स्टेज लागतो. जुन्या फिएस्टासारख्या प्लेअरची सुई तबकडीवर पाच-सहा ग्रॅमने दाबून बसायची, चांगल्या कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. म्हणजे त्या चौसष्ट तबकड्या पुन्हा जशाच्या तशा जुन्या पद्धतीच्या प्लेअरवर घालणं म्हणजे हौसेने त्यांची झीज करणं. आणि कुणाच्या घरी आजोबांच्या ७८ च्या तबकड्या असतील तर गोष्ट आणखी वेगळी. त्यांना वेगही वेगळा लागतो आणि एलपीच्या जवळपास तिप्पट जाड टोकाची सुई लागते. ‘मशिन आहे, सगळं वाजेल’ असं कुणी म्हणालं तर चहा घ्या आणि उठा.

चाचांना नमस्कार करून परत आले, पण डोक्यातून ते प्लिंथ जाईना. एलपी वाजाव्यात म्हणून तर हा घाट घातलाय आणि टर्नटेबलच मागे ठेवायचं? बाबांचं वय पाहता मागे ठेवायचं म्हणजे नक्की किती मागे?

पुढच्या शनिवारी बाबांनाच घेऊन गेले. दक्षिण मुंबईतल्या एका डीलरची डेमो रूम, अपॉइंटमेंट घेऊन. जाड पडदे, मऊ सोफा, एसी. बाबांनी बूट बाहेर काढले, त्या माणसाने ‘अहो काका, असू द्या’ म्हणेपर्यंत. सोबत फोनमध्ये त्यांच्या एलपीतल्याच सात-आठ चिजा डाउनलोड करून नेल्या होत्या. ही युक्ती लक्षात ठेवा. दुकानाच्या प्लेलिस्टमध्ये असतो एक गिटारवाला आणि एक कुजबुजणारी गायिका, आणि त्यांच्यावर प्रत्येक स्पीकर देवासारखा वाजतो. दुसरी युक्ती, दोन सेट ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला लावा, फोनवर फुकटचं मीटर अॅप मिळतं. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आधी वाजले छातीएवढे उंच टॉवर स्पीकर्स. बजेटच्या बाहेर, पण ‘ऐकून तर बघा.’ तबल्याचा डग्गा पोटात घुमला. बाबा म्हणाले, ‘वा, मोठं आहे.’ मोठं. एवढंच. मग त्याच अॅम्पवर, त्याच फोनवरून, स्टँडवरचे फूटभर उंचीचे बुकशेल्फ. डग्ग्याचा घुमार कमी झाला, खोली लहान झाल्यासारखी वाटली. आणि दुसऱ्या ओळीला बाबांचे ओठ हलायला लागले. ते शब्द म्हणत होते.

वयाबरोबर कान आधी वरच्या फ्रीक्वेन्सी सोडतो. स, श, त, फ ही व्यंजनं तिथेच राहतात. म्हणून म्हाताऱ्या माणसांना आवाज येतो, पण काय बोलले ते कळत नाही आणि मग टीव्ही वाढतो. त्यात खालचा बास भरमसाट असला की उरलेली व्यंजनंही त्याच्याखाली दबतात. हे मी नंतर ईएनटीकडून नीट समजून घेतलं. त्या खोलीत मात्र नुसतं दिसत होतं.

डीलरने उत्साहाने तेच छोटे स्पीकर एका महागड्या सीडी प्लेअरवर वाजवून दाखवले. बाबांना फरक कळला नाही, मलाही नाही. डीलरलाही कळला असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. मग त्यांनी टर्नटेबल लावलं. ते सुंदर होतं. त्या टर्नटेबलच्या किमतीत दोन स्पीकर आणि अॅम्प येऊन वर लोकलचा वर्षाचा फर्स्ट क्लास पास निघाला असता.

छोटे स्पीकर निवडायला आणखी एक कारण होतं, आमचा हॉल. प्रत्येक खोलीचे स्वतःचे सूर असतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा आणि त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. दहा फुटांना येतात ५६ हर्ट्झ, बारा फुटांना ४७, आणि साडेनऊ फुटांच्या छताला ५९. तिन्ही अगदी गळ्यात गळा घालून! या टापूतला बास आमच्या हॉलमध्ये कुणीही, कितीही पैसे देऊन वाजवला तरी एका कोपऱ्यात फुगणार आणि मधल्या खुर्चीत गायब होणार. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत तर लांबी-रुंदीचे सूर एकमेकांवरच बसतात. टॉवर स्पीकर घेणं म्हणजे जास्त पैसे मोजून हीच कटकट विकत घेणं.

बीबीसीने सत्तरच्या दशकात एलएस थ्री फाइव्ह ए नावाचा एक फूटभर उंचीचा स्पीकर बनवला होता. कशासाठी? बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये, जिथे इंजिनियरला जेमतेम पाय पसरता येतात तिथे, निवेदकाचा आवाज खराखुरा ऐकू यावा म्हणून. खोल बास त्यात नव्हताच. माणसाचा आवाज मात्र असा, की त्याची नक्कल आजही चालू आहे. आमचा हॉल त्या व्हॅनपेक्षा फार मोठा नाही. त्यात दिवाण आहे, शोकेस आहे आणि आईचं शिलाई मशिन.

तर ठरलं ते असं. सगळी सिस्टीम स्पीकरभोवती, आणि स्पीकर हॉलच्या मापाचे. अडतीस हजार तिथे गेले. बंद खोक्याचे निवडले, म्हणजे भिंतीजवळ ठेवले तरी बास फार चढत नाही. चाळीस वॉटचा, फोनो इनपुट असलेला अॅम्प्लिफायर, बावीस हजार. डीएसी चारमध्ये बसला. वायर त्या तिसऱ्या दुकानातूनच घेतली, मीटरवर मोजून, अडीच स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची. तीन मीटर अंतराला ती भरपूर झाली. त्यांनी मला दहापट किमतीचीही दाखवली, मी कटिंग संपवला. स्टँड डोंबिवलीच्या सुताराने बनवून दिले, बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीचे. टर्नटेबलसाठी आता महिन्याला तीन हजार बाजूला पडतायत. नवीनच घेणार, बेल्ट ड्राइव्ह, वॉरंटीवालं, २३० व्होल्ट ५० हर्ट्झ!

हे सगळं बाबांना सांगताना मला थोडं अवघड वाटत होतं. तुमच्या तबकड्या अजून दिवाळीपर्यंत तशाच, असंच मी सांगत होते ना. ते म्हणाले, ‘अगं, आधी ऐकू तर येऊ दे. मग काय ऐकायचं ते बघू.’ सध्या रोज दुपारी ते एकेक एलपी बाहेर काढतात, ओलसर मऊ फडक्याने पुसतात, जाकिटाच्या मागचं वाचतात, आणि मग मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन करून विचारतात, हे त्या मोबाइलमध्ये कसं शोधायचं. नऊ सापडल्या नाहीत. त्या नऊ त्यांनी कपाटात सगळ्यांत पुढे लावून ठेवल्यात.

जाणार असाल तर रविवार टाळा, लॅमिंग्टनची बरीच दुकानं बंद असतात. चोर बाजारचं उलटं आहे. मटन स्ट्रीटच्या दुकानांना शुक्रवारी सुट्टी आणि रस्त्यावरचा बाजार त्याच दिवशी भल्या पहाटे. टेप घेऊन घराच्या खोलीचं माप आधी काढा, उंचीसकट. चोर बाजारात कुठलंही मशिन बघितलंत की आधी उलटं करून पट्टी वाचा. आणि वेळ उरलाच तर लॅमिंग्टन रोडच्या दक्षिण टोकाला रॉयल ऑपेरा हाउस आहे. १९९३ पासून बंद होतं, २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे एखादा कार्यक्रम गाठा, ज्येष्ठांना सोबत न्या आणि पुढच्या रांगेची तिकिटं काढा.